भुंडीची ठकी

धनगराचं कुत्रं खेळतं, असं सांगितलं तर कुणीही हसेल. त्याला खेळायला सवड कुठली? रात्रभर लांडग्याच्या वासावर जागायचं, दिवसभर मेंढरांच्या मागं पळायचं आणि मिळाली तर ताकात कुस्करलेली शिळी भाकरी खाऊन पुन्हा पळायचं. पण आटपाडीकडच्या नानासो धनगराच्या वाड्यावर भुंडी नावाची एक कुत्री होती, आणि ती खेळायची. आता वाडा म्हटलं की भिंती आणि दिंडीदरवाजा डोळ्यांपुढं आणू नका. दोनशे मेंढरं, तीन घोडी, टोपलीतल्या कोंबड्या आणि मूठभर माणसं मिळून जो चाऱ्यापाण्याच्या मागं गावोगाव फिरतो, तो धनगराचा वाडा.

भुंडीची शेपटी ती पिल्लू असतानाच लांडग्यानं तोडली होती. दोन बोटांचं बुडखं उरलं होतं. खूश झाली की ते बुडखं हलायचं आणि त्याच्या ओढीनं तिचं मागचं सगळं अंगच हलायचं, त्यामुळं ती प्यालेल्या माणसासारखी झोकांड्या खाताना दिसायची. तिचं खेळणं म्हणजे नानासोच्या नातीची, पाच वर्षांच्या चंद्रीची लाकडी ठकी. वीतभर लांब, सपाट, हातपाय अंगालाच कोरलेले, अशी ती बाहुली चंद्रीच्या बापानं, सिद्धूनं, विट्याच्या बाजारातून आणली होती. तिचे डोळे चंद्रीची आई सुला काजळानं काढायची. भुंडी ते चाटून पुसून टाकायची, म्हणून दर आठ दिवसांनी पुन्हा काढावे लागत.

या कुत्रीच्या एकेक तऱ्हा होत्या. ठकी उचलायची ती पायांकडून. डोकं दातात धरायचं नाही, हे चंद्रीनं तिला चापट्या मारून शिकवलं होतं. पाणी प्यायला गेली की आधी ठकीला बुडवून काढायची, मग स्वतः प्यायची. वाड्यावर कुणी पाहुणा आला की ठकी त्याच्या पायाशी नेऊन ठेवायची, आणि त्यानं हात पुढं केला की झटकन उचलून पळून जायची. एका साली तिची पिल्लं जगली नाहीत, तेव्हापासून दुपारी ठकीला पोटाशी घेऊन निजायची. पण सगळ्यांत मोठा खेळ फेकाफेकीचा. चंद्री ठकी लांब फेकायची आणि भुंडी आणून द्यायची. तीनदा चंद्री खरं फेकायची आणि चौथ्यांदा हुलकावणी द्यायची. हात फिरवायची, पण ठकी पाठीमागं लपवायची. भुंडी जीव खाऊन पळत जायची, हुंगत बसायची आणि मग मान खाली घालून परत येऊन चंद्रीकडं असं काही बघायची, की चंद्रीची आजी दगडाबाई, जिला हसताना वाड्यानं क्वचितच पाहिलं होतं, तिलाही हसू फुटायचं. दर चौथ्यांदा ती फसायची. फसण्यातच तिला गोडी असावी, देव जाणे.

चव्वेचाळीस सालच्या पौषात हा वाडा पलूसच्या शिवारात उतरला होता. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळायचं, त्याच्या बदल्यात धनगराला धान्य. त्यासाठी ही माणसं दर साली आपला कोरडा मुलूख सोडून कृष्णाकाठी यायची. रान लालासाहेब नावाच्या बागायतदाराचं होतं. तिथं चंद्रीला ताप भरला. लढाईचे दिवस होते, तापावरचं कोयनेल कुठं औषधाला मिळेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी चंद्री गेली.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी तिकडं जायचं नाही. आईनं लेकरू गुंडाळून द्यायचं आणि ज्या वस्तूत त्याचा जीव असेल ती सोबत द्यायची. नाहीतर लेकरू ती मागायला परत येतं, असं या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. सुलानं चंद्रीला घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ठकी तिच्या हातात ठेवली. दगडाबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि ती पुरुषांना हाक मारायला बाहेर गेली.

तेवढ्यात सुलाचा हात आत गेला. का गेला, हे तिला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. पोरीची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. तीही मातीत गेली तर चंद्री होती याला पुरावा काय राहणार होता? तिनं ठकी काढून चोळीत खुपसली, घोंगड्याला गाठ मारली आणि पोटचा गोळा बापाच्या हातांत दिला.

नानासो आणि सिद्धूनं ओढ्याच्या काठाला करंजाखाली तिला पुरलं. वर दगड रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या फांद्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी वाडा हलला. धनगराला रडायलासुद्धा मुक्काम मिळत नाही. पुढचं रान ठरलेलं असतं. निघताना भुंडी मागंच राहिली. अर्धा दिवस तिचा पत्ता नव्हता. दिवस मावळायच्या आत धापा टाकत येऊन मिळाली, तेव्हा तिच्या तोंडाला माती लागली होती. दमल्या माणसांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

वाडा कृष्णेच्या काठाकाठानं वर सातारच्या अंगाला सरकत गेला आणि रहिमतपूरच्या शिवारात उतरला. सकाळी नानासो आणि सिद्धू मेंढरं घेऊन जायचे, दगडाबाई कोकरं घेऊन ओढ्याकडं जायची. सुला तळावर एकटी राहून भाकरी, झाडलोट बघायची. ठकी तिनं लोकरीच्या गाठोड्यात, पार तळाशी घातली होती. चंद्री जाऊन दहाएक दिवस झाले असतील. सुला भाकरी थापत होती, मागं खसफस झाली म्हणून वळून पाहते तर भुंडी गाठोड्यात मान खुपसून उभी. तिनं मान बाहेर काढली तेव्हा तोंडात ठकी होती, पायांकडून धरलेली.

सुलानं चौफेर पाहिलं, कुणी नव्हतं.

"आन हिकडं," ती दबक्या आवाजात म्हणाली.

भुंडीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती मोकळ्या जागेत गेली, ठकी खाली ठेवली, तीन पावलं मागं सरली, पुढचे पाय पसरून छाती भुईला टेकवली आणि बुडखं हलवत बघायला लागली. ठकीकडं नव्हे. ठकीच्या वर, हवेत, पाच वर्षांच्या पोरीचं तोंड जिथं असेल तिथं ती बघत होती.

मग ती उठली, ठकी उचलून लांबच्या बाभळीपर्यंत पळत गेली, तिथून वळून परत आली आणि ठकी पहिल्या जागी ठेवली. पुन्हा तसंच केलं. तिसऱ्यांदाही तसंच. सुला हातातला पिठाचा गोळा तसाच धरून बसली होती. चौथ्या खेपेला भुंडीनं कान टवकारले आणि गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटली. पण ठकी जागच्या जागी पडून होती. भुंडी बाभळीखाली हुंगत राहिली, दोन वळसे घातले आणि मान खाली घालून परत आली. परत येऊन तिनं वर पाहिलं, फसल्यावर बघायची तसं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. चंद्रीची मेल्यावरही गेली नव्हती.

तव्यावरची भाकरी जळून गेली. डोक्यावर लख्ख ऊन होतं आणि सुलाच्या अंगावर काटा आला होता. ती घाबरली, हे तर खरंच. पण भीतीच्या तळाशी दुसरं काही होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नसतं. तिला आनंद झाला होता.

त्या दिवसापासून माणसं पांगली की सुला आपल्या हातानं गाठोडं सोडायची. खेळ बघत बघत कामं उरकायची आणि दगडाबाई परतायच्या आत ठकी पुन्हा तळाशी लपवायची. बघता बघता तिला एकेक गोष्ट कळायला लागली. भुंडी चालताना मान एका अंगाला झुकवायची आणि तिचा डावा कान ताणलेला असायचा. चंद्री अशीच तिचा कान धरून चालायची. दिवस मावळताना मेंढरं दोरीच्या जाळीच्या कुंपणात, वाघरीत, दाटीवाटीनं बसायची. पण भुंडी जिथं असेल तिथं तिच्या शेजारची हातभर जागा रिकामी ठेवायची. एकदा एक कोकरू तिथं जाऊन बसलं आणि लगेच ओरडत उठलं, कुणी पायानं सारावं तसं.

पहिले काही दिवस सुला नुसती बघायची. मग एका दुपारी तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "चंद्रे, उनात नगं खेळूस."

भुंडीनं लगेच ठकी उचलली आणि ती सावलीला जाऊन बसली.

त्यानंतर सुलाची जीभ सैल झाली. ती भाकरी थापता थापता बोलायची, आज कुठल्या गावचं रान, तुझ्या आज्याला कुणी कसं फसवलं, तुझ्या बापाची पाठ कशी धरलीय. गूळ लावलेला भाकरीचा तुकडा भुंडीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत ठेवायची. भुंडी चपलेचं कातडं खाणारी कुत्री, पण त्या तुकड्याला तिनं कधी तोंड लावलं नाही. तुकडा मुंग्या नेत. सुलाच्या अंगावर पुन्हा मांस चढायला लागलं. सून सावरली म्हणून दगडाबाईनं बिरोबाला नारळ बोलला.

वाळत चालली होती ती भुंडी.

तिला झोप मिळेना. पडायची, डोळे मिटायची, आणि मिटतात न मिटतात तोच डावा कान ताणला जायचा आणि ती कण्हत उठून उभी राहायची. पुन्हा खेळ सुरू. महिना भरत आला तेव्हा तिच्या खुब्याची हाडं वर आली होती, पंजे फुटून भुईवर रक्ताचे ठिपके पडत होते.

"हिला झालंय तरी काय?" सिद्धूनं एकदा विचारलं. "ह्या कुत्रीला कोन पळवतंय का काय?"

चोराच्या मनात चांदणं. सुला ताक घुसळायच्या निमित्तानं पाठ करून बसली.

नानासोनं कडुलिंबाचा पाला वाटून भुंडीला पाजला. गुण कुठला यायला? एक दिवस सुलानं ठकी लपवूनच ठेवली, तर भुंडी दिवसभर ठकीवाचून धावत राहिली आणि धावताना रडत राहिली. दुसऱ्या दिवशी सुलानं गाठोडं पुन्हा सोडलं. "चंद्रे, तिला वाईच निजू दे," असं ती सांगून बघायची. सावलीत खेळायचं ऐकणारी पोर एवढं मात्र ऐकेना. आणि खरं सांगायचं तर सुलाही एकदाच सांगायची आणि गप्प बसायची. पोर खेळतेय आणि कुत्रं दमतंय, यात आई कुत्र्याच्या बाजूनं कितीशी बोलणार? ती चुकत होती, हे तिला कळत होतं.

एका दिवशी एका कोकराच्या खुरात काटा मोडला, म्हणून दगडाबाई त्याला उचलून लवकर परतली. सुलाची तिच्याकडं पाठ होती. ती वळली तेव्हा सासू घोड्याला टेकून उभी होती आणि किती वेळ उभी होती ते कळायला मार्ग नव्हता.

"ही ठकी हितं कशी?" दगडाबाईनं विचारलं.

सुला चुलीकडं वळली आणि जाळ सारायला लागली.

मेंढरं परतली आणि चारी माणसं तळावर बसली. मधे ठकी, पलीकडं भुंडी, जीभ बाहेर काढून. सांगायला काही उरलंच नव्हतं. कुत्री अर्धा दिवस मागं राहिली होती. तोंडाला माती लागली होती. चंद्रीबरोबर पुरलेली ठकी तिच्याजवळ होती. मढ्याला तोंड लावलेलं कुत्रं वाड्यावर ठेवत नाहीत, ते पुढं कोकरांना धरतं आणि मग माणसाला, हे नानासोला त्याच्या बापानं शिकवलं होतं. शेपटी तुटलेलं पिल्लू पदरात घेऊन हळद लावणारा हाच नानासो. तो उठला, त्यानं कुऱ्हाड घेतली आणि भुंडीच्या गळ्यात दोरी घातली. भुंडीनं बुडखं हलवलं.

"म्हंजी माझी पोर उघड्यावर पडली आसंल, आबा," सिद्धू म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी आत्ताच निघतो. हाडकं तरी गोळा करून यीन."

सुला बसून होती. एका शब्दानं नवऱ्याच्या काळजाची आग विझली असती, पण तो शब्द काढायचा कसा? लेकराच्या मुठीतली वस्तू काढून घेणारी आई कुणी कुठं ऐकली होती का? नानासो भुंडीला बाभळीकडं न्यायला लागला. तेव्हा तिला उमगलं, की भुंडी गेली तर उद्या दुपारी त्या मोकळ्या जागेत कुणी असणार नाही.

"मामा, थांबा," ती म्हणाली. "भुंडी मेली तर चंद्री कुनासंग खेळंल?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"भुंडीनं काय उकरलं न्हाई. ठकी म्या काढली हुती. गाठ मारायच्या आदी. चोळीत लपिवली हुती."

सिद्धू उभा होता तो खाली बसला. तो आपल्या हातांकडं बघत राहिला. त्या हातांनीच त्यानं चंद्रीला खड्ड्यात ठेवलं होतं.

"म्हैनाभर?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आन मला बोलली न्हाईस."

आता सासूच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून सुलानं मान खाली घातली. पण दगडाबाईचा आवाज निघाला तो खोल विहिरीतून आल्यासारखा.

"कुनासंग खेळंल म्हनलीस, ते मी बघितलंय मगाशी. तीनदा ठकी घिऊन पळाली, चौथ्यांदा मोकळीच. मी मोजलं." ती सुलाजवळ सरकली. "सुले, माझीबी दोन गेल्यात, सिद्धूच्या आदी. मला जर अशी दिसली असती, तर म्याबी कुनाला सांगितलं नसतं. पर बघ. जित्या जीवाला दमाया हुतं. चंद्रीला आता दमायचं न्हाई. आज भुंडी मरंल, उद्या ती खेळाया दुसरं कोनतरी धरंल. आन तिचं तरी काय गं? आपल्या मागं गावोगाव किती हिंडायचं त्या लेकरानं? ना टेकाया जागा, ना निजाया. तू न्हे ती ठकी. जिनं काढली तिनंच ठिवायची."

"बाईमानसानं तिकडं जायाची रीत न्हाई," नानासो म्हणाला.

"बाईला लांब ठिवलं म्हनूनच हे झालं," दगडाबाई म्हणाली, आणि नानासोनं कुऱ्हाड खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुला, सिद्धू आणि भुंडी निघाले. आगगाडीच्या रुळांच्या कडेकडेनं चार दिवसांची वाट होती. पलटणी घेऊन जाणाऱ्या गाड्या शेजारून धडधडत जायच्या, खिडक्यांतून खाकी हात हलायचे. सुलानं ठकी पदरात बांधली होती. भुंडी लंगडत, मान झुकवून, डावा कान ताणलेला, अशी दोघांच्या मधून चालायची. मसूरच्या पुढं कधीतरी सुलाच्या ध्यानात आलं, की सिद्धू लहान पावलं टाकतोय. बरोबर लहान पोर असलं की बाप चालतो तसा. त्याच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यानं मुंडासं सोडून तोंड पुसलं. पण पावलं त्यानं लांब केली नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी ते लालासाहेबांच्या रानात पोचले. लालासाहेबांची बायको बनुबाई ओढ्यावर होती. तिनं सुलाला ओळखलं आणि बसायला लावून पाणी दिलं.

"पोरीला बघाया आलीस व्हय? बरं केलंस," बनुबाई म्हणाली. "समदं हाय तसं हाय. दगूडसुद्दा हलला न्हाई. म्या आपली येताजाता दोन फुलं टाकती. पर खरं सांगू का? आमच्या वस्तीवरच्या बाया आदी भ्याल्या हुत्या, तर म्या म्हनलं, हितं भ्यायासारखं कायबी न्हाई. हितं कोन हाय आसं वाटतच न्हाई बग. घर सोडून मानसं गेल्यावानी रिकामं रिकामं वाटतंय."

सुलाला ते बरोबर समजलं. चंद्री इथं कधी राहिलीच नव्हती. ठकी जिथं गेली तिथं ती गेली होती, वाड्याच्या मागं, आईच्या मागं. म्हणजे आता ठकी इथं ठेवायची, ती चंद्रीला इथं ठेवण्यासाठी. पौषात जे पुरुषांनी केलं ते नुसतं मातीचं काम होतं. पोरीला टाकून जायचं काम अजून व्हायचं होतं, आणि ते तिला एकटीला करायचं होतं.

सिद्धू ओढ्याच्या पलीकडं पाठ करून बसला. बनुबाई घागर घेऊन निघून गेली. सुलानं बाभळीच्या वाळल्या फांद्या बाजूला केल्या, दोन दगड उचलले आणि ठकी हातात धरून ती थांबली. कुणाचं लक्ष नव्हतं. दगड पुन्हा ठेवले असते, ठकी चोळीत घातली असती, आणि ठेवली म्हणून सांगितलं असतं तर कोण उकरून बघणार होतं? उद्या दुपारी पुन्हा खेळ झाला असता. तिचा हात छातीपर्यंत आलासुद्धा.

भुंडी करंजाच्या सावलीत आडवी झाली होती. तिच्या फासळ्या मोजून घ्याव्या अशा दिसत होत्या. तिनं डोळे मिटले. लगेच तिचा डावा कान वर ताणला गेला, कुणी शेंडा धरून ओढावा तसा, हौसेनं, घाईनं. भुंडी पुढच्या दोन पायांवर उठली आणि पडली. कान पुन्हा ताणला गेला. ती पुन्हा उठायला लागली, तिच्या नाकातून रक्ताचा थेंब गळला, आणि तिनं सुलाकडं पाहिलं. सुलानं महिनाभर ज्या नजरेला नजर दिली नव्हती, तीच ही नजर होती.

"चंद्रे, सोड तिला," सुला म्हणाली.

तिनं ठकी दगडांच्या खाली घातली, हात कोपरापर्यंत जाईल तितकी खोल, आणि हात बाहेर काढून दगड एकावर एक रचले. तिच्या बोटांना काटे लागले ते तिला कळलं नाही.

"ही घे तुझी ठकी. आता तू हितं ऱ्हायाचंस. मी चुकले, तुझी वस्तू म्या काढून घेतली. हितं सावली हाय, पानी हाय, बनुबाई फुलं टाकत्या. भुंडीला आमी न्हेतो. ती म्हातारी झाली आता, तिला तुझ्यासंग पळवत न्हाई."

भुंडीचा कान हळूच खाली आला. तिची मान भुईवर टेकली. ती मेली असं वाटून सुलानं धावत जाऊन तिच्या छातीवर हात ठेवला. छाती खालीवर होत होती. भुंडीला झोप लागली होती.

सुला तिच्या उशाशी बसली. दुपार झाली. कानावर माश्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. सिद्धू ओढा ओलांडून आला.

"चल," तो म्हणाला. "दिवस कलाया लागला. तिला मी खांद्यावर घेतो."

"थांबा वाईच."

"कशापायी?"

"कोन उठवतंय का बगू."

सिद्धूही खाली बसला. करंजाची सावली लांब होत गेली, दगडांवरून सरकली आणि रानात गेली. सुला त्या कानाकडं बघत होती, डोळा न हलवता. शेवटी ती वाकली आणि अगदी हळू, सिद्धूलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "चंद्रे, एकदा उठीव की गं तिला."

भुंडी घोरत होती. तिला कुणी उठवलं नाही.